पाकटाची पाठवणी

डॉ. अच्युत केळुसकर यांनी आजवर कुणाला दुखवलं नव्हतं, आणि ते दातांचे डॉक्टर असूनही ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी होती. तरवडे बंदरात दाढ काढायची वेळ आली की लोक आधी घाबरायचे, मग केळुसकरांचं नाव ऐकून कमी घाबरायचे. इंजेक्शन देण्याआधी ते पेशंटच्या खांद्यावर हात ठेवत. सुईपेक्षा तो हातच आपल्याला बधिर करतो, असं एक म्हातारी म्हणाली होती. डॉक्टरांनी ते वाक्य विसरायचा कधी प्रयत्न केला नाही.

दोन हजार अडतीसच्या फेब्रुवारीत, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, डॉक्टर सरकारला हरकतीचं पत्र लिहीत होते.

प्रकरण पाकटांचं होतं. पाकट म्हणजे थाळीसारख्या पसरट अंगाचा आणि चाबकासारख्या शेपटीचा मासा. शेपटीत विषारी काटा असतो, पण स्वभाव असा की दिवसभर खाडीच्या तळाशी वाळू अंगावर ओढून पडून राहावं. किनाऱ्यावर पाकटं झपाट्याने कमी होत चालली होती, म्हणून सरकारने संरक्षणाच्या नियमांचा मसुदा काढला होता. मसुद्याचं सार दोन ओळींचं: पाकट गळाला लागलं तर त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही. दोरी कापायची आणि जाऊ द्यायचं.

यात चिडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण तो कुणीही ‘तरवडे हौशी गळ मंडळा’चा सभासद नसणार. मंडळात सदतीस माणसं होती. दोन निवृत्त प्राध्यापक, एक हॉटेलवाला, एक स्टॅम्पव्हेंडर, अध्यक्ष म्हणून अॅडव्होकेट मुकुंद दळवी आणि चिटणीस म्हणून आपले डॉक्टर. मासे विकणारा त्यात एकही नव्हता. खाणारेही सगळे नव्हते. तिघे तर शुद्ध शाकाहारी होते. दर रविवारी होडी करून खाडीत जायचं, गळ टाकून गरवायचं, मासा वर काढायचा आणि परत सोडायचा, एवढाच छंद. आणि खाडीतलं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जड, हाताला झुंज देणारं काही असेल तर ते पाकट.

“आपण सोडून देतो,” मुकुंदा मंडळाच्या सभेत म्हणाला होता, “आणि नियम कुणाला? आपल्यालाच! मारणारे वेगळेच, पण फटके तुळतुळीत दाढी केलेल्या माणसाला.”

डॉक्टरांचं पत्र मात्र संतापाचं नव्हतं. त्यांच्याकडे पुरावा होता. तो पुरावा म्हणजे पाठवणी.

पाठवणी ही डॉक्टरांचीच कल्पना. पूर्वी सभासद मासा कसाही सोडायचे. कुणी शेपटी धरून भिरकवायचा, कुणी पायाने ढकलायचा. डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी पद्धत घालून दिली. पाकट वर आलं की आधी काट्यावर ओलं फडकं गुंडाळायचं. मग त्याला भिजवलेल्या निळ्या योगा मॅटवर अलगद निजवायचं. दात काढायच्या चिमट्याने गळ सोडवायचा, जखमेवर हळदीचा लेप लावायचा, टेपने रुंदी मोजायची, एक फोटो घ्यायचा, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी धरून पाण्यात उतरवायचं. सगळ्यांत ज्येष्ठ सभासदाने म्हणायचं, “जा बाय, सुखी राहा.” पहिल्या वर्षी हे गमतीने म्हणत. तिसऱ्या वर्षापर्यंत काहींचे डोळे भरून यायला लागले.

या सगळ्याला साडेचार मिनिटं लागत. सरावाने डॉक्टरांनी ती चारवर आणली होती. त्याहून कमी नको, असं त्यांचं मत होतं. माया घाईत होत नाही.

पत्राला दोन परिशिष्टं जोडली होती. परिशिष्ट अ मध्ये पाठवणीची पद्धत, आकृत्यांसह. परिशिष्ट ब मध्ये मंडळाचा खरा अभिमान: मॅटवर निजवलेल्या माद्या तिथेच बाळंत झाल्याचे एकतीस फोटो. पाकट अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतं. मादीला मॅटवर ठेवलं आणि तिने पिल्लं टाकली, असं कितीतरी वेळा झालं होतं. तो दिवस मंडळात सणाचा. पिल्लं पाण्यात सोडायची, पेढे वाटायचे. ‘आमच्या स्पर्शात या मुक्या जीवांना माहेर वाटतं, याहून अधिक संरक्षण कोणता कायदा देणार?’ असं डॉक्टरांनी पत्राच्या शेवटी लिहिलं, वाचलं, आणि ‘कोणता’ खाली रेघ मारली.

त्याच आठवड्यात सलमा दवाखान्यात आली.

डॉ. सलमा होडेकर ही तरवड्याचीच. वडलांचं बंदरावर बर्फाचं दुकान. बारा वर्षांची असताना तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते, आणि तीन वर्षं दर महिन्याला तारा आवळून डॉक्टरांनी ते सरळ केले होते. आता ती समुद्रशास्त्राची मोठी संशोधक होती आणि खाडीच्या तळाशी तिने स्वतःच्या तारा पसरल्या होत्या.

त्या तारांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

कुठल्याही जिवंत शरीरात वीज असते. हृदयाचा ठोका पडतो, कल्ले उघडतात-मिटतात, तेव्हा खाऱ्या पाण्यात विजेची अगदी सूक्ष्म लहर उमटते. माणसाला ती कळत नाही, पाकटाला कळते. त्याच्या तोंडाभोवती सुईच्या टोकाएवढी शेकडो छिद्रं असतात आणि त्यांत डिंकासारखा एक रस भरलेला असतो. या रसातून वीज इतकी सहज वाहते की वाळूखाली लपलेली तिसरीची शिंपली नुसती जिवंत असल्याच्या गुन्ह्यावरून पाकटाला सापडते. सलमाच्या गटाने तोच रस प्रयोगशाळेत बनवला, तो शिवणाच्या दोऱ्याएवढ्या नळ्यांत भरला, आणि अशा दोऱ्यांचं जाळं खाडीच्या तळावर हात-हातभर अंतराने अंथरलं. पाकटाची सवय तळाशी पालथं पडून राहायची. म्हणजे ते आपण होऊन ईसीजीच्या पट्ट्यांवर येऊन निजल्यासारखंच.

यंत्राने आधी पाकटं मोजली. मग ठोक्यांच्या लयीवरून प्रत्येक पाकट वेगळं ओळखायला ते शिकलं. आणि दुसऱ्या वर्षी, मोठ्या ठोक्याच्या आत दडलेले लहान ठोके त्याला ऐकू यायला लागले. पोटातली पिल्लं. नकाशावर प्रत्येक पाकटाचा एक तपकिरी ठिपका, त्याचा नंबर, आणि शेजारी आकडे: पिल्लं नसतील तर एक अधिक शून्य, चार असतील तर एक अधिक चार.

हा नकाशा सलमाने सगळ्यांना खुला ठेवला. लोकांना ठिपके ओळखीचे झाले की जीव जडेल, असं तिला वाटलं. तिचं चुकलं नाही. मंडळाच्या सदतीस जणांना सगळे नंबर पाठ होते. पूर्वी मोठं पाकट मिळायला नशीब लागायचं. आता फोन उघडायचा आणि होडी थेट ठिपक्यावर न्यायची. सगळ्यांत जड कोण, हे आकड्यांवरूनच कळायचं. ज्याच्या पुढचा ‘अधिक’ मोठा, ते.

“आत येऊ का, डॉक्टरकाका?”

“ये, ये. रात्री दातांवर रिटेनर लावतेस ना?”

“काका, सोळा वर्षं झाली.”

“म्हणून तर विचारतोय. आ कर बघू.”

“नंतर. आज मी दाखवायला आलेय.” दुसरी जागा नसल्यामुळे ती पेशंटच्या खुर्चीतच बसली. तिच्या हातात डॉक्टरांनीच कौतुकाने पाठवलेलं परिशिष्ट ब होतं. “हा फोटो कुणी काढला?”

“मुकुंदाने. गेल्या मार्चमधला. चार पिल्लं. जुळ्यांची दोन बाळंतपणं एकदम म्हण ना!”

“पिल्लाच्या पोटाला हे काय दिसतंय?”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “पिवळा गोळा. नाळेसारखं काहीतरी असेल.”

“बलक आहे तो. अंड्यातला असतो तसा. पिल्लू पोटात आधी त्याच्यावर वाढतं, मग आई आतल्या आत दुधासारखा रस देते त्याच्यावर. जन्माच्या वेळी हा गोळा उरत नाही, काका. एकतीस फोटोंत मी एकोणतीसदा तो मोजलाय.” तिने आवाज खाली आणला. “ही बाळंतपणं नव्हेत. गर्भपात आहेत.”

बाहेर पेशंटचा खोकला ऐकू आला.

“पाण्यात पाकटाला वजन नसतं. बाहेर काढलं की त्याचं स्वतःचंच अंग त्याच्या पोटावर दाबून बसतं. कल्ले एकमेकांना चिकटतात, श्वास कोंडतो. शरीर म्हणतं, आता जगायचं असेल तर ओझं टाक. ती टाकते. काही जणी मॅटवर, बाकीच्या पाण्यात गेल्यावर दोन-तीन दिवसांत. नकाशावर दिसतं ते. नकाशावर पिल्लं दिसायला लागली त्या दोन वर्षांत मंडळाने चौदा गाभण माद्यांची पाठवणी केली. चौदाच्या चौदा एक अधिक शून्य.”

“आणि ते जाळीवाले, गळवाले कोळी? त्यांचं काय?”

“रघू तांडेल घ्या. त्याच्या गळाला एकोणीस लागल्या. काट्याची भीती आणि कामाचा कंटाळा, म्हणून तो पाण्यातच दोरी तोडतो. सोळा जणींची पिल्लं टिकली.”

रघू तांडेल हा मंडळाला होडी भाड्याने देणारा गाबीत मच्छीमार. पाकटाबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं. डॉक्टरांना ही तुलना लागली.

“नमुना लहान आहे,” ते म्हणाले.

“काका...”

“चौदामधल्या किती मी स्वतः केल्या? चार. बाकी हात दुसऱ्यांचे. हळदीआधी फोटो काढतात, सांगून ऐकत नाहीत. माझ्या हाताखाली... सलमा, तू तीन वर्षं या खुर्चीत बसलीस. दुखलं कधी तुला?”

सलमाने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. “मी हे फोटो सुनावणीत दाखवणार नाही. तुम्ही हरकत मागे घ्या, एवढंच. कारण आता प्रश्न एकीचा आहे. मसुद्यात कलम नऊ आहे. सुनावणीच्या दिवशी नकाशावर निदान एक गाभण मादी असेल त्याच खाडीला संरक्षण मिळणार. ताज्या माहितीवर चालणारा कायदा हवा, असं मीच त्यांना सुचवलं होतं, हुशारीने. अख्ख्या तरवडे खाडीत आता एकच उरलीय. तेवीस नंबर. एक अधिक पाच.”

ती गेल्यावर डॉक्टरांनी तीन पेशंट तपासले. तिघांनाही त्यांनी दोन-दोनदा विचारलं, दुखत नाही ना?

मुकुंदाला त्यांनी सगळं सांगितलं. तीस वर्षांची मैत्री; कॉलेजात असताना दोघं एकाच गळाने गरवायचे. मुकुंदाने शांतपणे ऐकून घेतलं. वकील माणूस, कलम नऊ मात्र त्याने दोनदा ऐकलं.

“मग तुझं काय म्हणणं, अच्या?”

“माझं म्हणणं, पद्धतीत दोष नाही. हातात आहे. योग्य हाताने पाठवणी झाली तर मादी भरल्या पोटाने परत जाते, हे एकदा सिद्ध झालं की नियमातच पाठवणी घालता येईल. दोन्ही बाजू खूश.”

“सिद्ध कसं करणार?”

डॉक्टरांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“नाही, मी आपलं विचारलं,” मुकुंदा म्हणाला. “खाडीत तुझ्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. पण सरकार शपथेवर विश्वास ठेवत नाही रे, नकाशावर ठेवतं. सुनावणी शुक्रवारी. गुरुवारी भरती सकाळी साडेआठला आहे. बघ बाबा. मी आग्रह करत नाही.”

मुकुंदाने खरंच आग्रह केला नाही. होडी मात्र सांगून ठेवली.

गुरुवारी सकाळी खाडी काचेसारखी होती. होडीत तिघे: सुकाणूवर रघू, पुढच्या टोकाला नाळेवर डॉक्टर, मध्ये फोन आणि मॅट घेऊन मुकुंदा. तेवीस नंबरचा ठिपका तिवरांच्या रांगेजवळ स्थिर होता.

रघूने इंजिन बंद केलं. “डाक्टरांनू, आज नको. ती भरल्या पोटाची हा.”

“म्हणूनच आलोय, रघू.”

“माका कळना नाय तुमचा. माझ्या गळाक लागला तर मी दोरी तोडतंय, एक शिवी घालतंय नि मोकळो होतंय.”

“हाच तर फरक आहे,” मुकुंदा म्हणाला, “तू शिवी घालतोस, आम्ही हळद लावतो.”

रघू हसला नाही. त्याने तोंड तिवरांकडे केलं आणि विडी काढली.

गळ टाकल्यावर तेवीस नंबरला लागायला वीस मिनिटं लागली, वर यायला पंचवीस. डॉक्टरांनी तिला एकदाही हिसका दिला नाही. ती ओढायची तेव्हा दोरी सोडायचे, थकायची तेव्हा अलगद गुंडाळायचे. पाण्यावर तिची तपकिरी पाठ आली तेव्हा मुकुंदाच्या तोंडून नुसतंच “अरे बापरे” निघालं. पंखापासून पंखापर्यंत ती एका माणसाच्या पसरल्या हातांएवढी होती.

मग पाठवणी. तशी पाठवणी डॉक्टरांनी पूर्वी केली नव्हती. फडक्याची गाठ एका हाताने बांधली. मॅट तीनदा भिजवली. गळ जबड्याच्या कडेला होता. चिमट्याच्या एका वळणात निघाला, रक्ताचा थेंब नाही. हळद चंदनासारखी उगाळून आणली होती. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची टोपी धरली. ते तिच्याशी बोलत होते, अगदी पेशंटशी बोलावं तसं: झालं हं, झालंच आता, थोडंच राहिलं.

मुकुंदा घड्याळ बघत होता. “तीन मिनिटं चाळीस. अच्या, विक्रम होणार तुझा.”

तेव्हा तिचं अंग एकदा आवळलं गेलं. मॅटवर काहीतरी घसरलं. मग आणखी. पंख विड्यासारखे गुंडाळलेली पाच पिल्लं, प्रत्येकाच्या पोटाशी बोराएवढा पिवळा गोळा.

“बाळंत झाली!” मुकुंदा ओरडला, आणि फोन वर केला. “पाच! हलू नकोस, अच्या, इकडे बघ.”

डॉक्टरांनी इकडे बघितलं नाही. त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याची कातडी इतकी पातळ होती की आतलं हृदय दिसत होतं. ते धडधडत होतं. डॉक्टर मोजायला लागले, कारण मोजणं एवढंच त्यांना येत होतं. एकोणीसपर्यंत गेले. विसावा ठोका पडला नाही. दुसऱ्याचा सातवा पडला नाही. उरलेली तीन त्यांनी ओंजळीने पाण्यात सोडली. ती गुंडाळलेलीच राहिली आणि सावकाश तळाकडे गेली, सलमाच्या तारांकडे.

तेवीस नंबर रघूने सोडली. कुणी न सांगता उठला, मॅटचं टोक धरलं आणि तिरकी केली. “जा बाय” म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मुकुंदा नकाशा बघत होता. थोड्या वेळाने ठिपका परत उमटला. एक अधिक शून्य. त्याने फोन खिशात ठेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख किंवा आनंद असं काही नव्हतं. खटल्याची तारीख लिहून घेतल्यावर वकिलाचा होतो तसा तो चेहरा होता. तेव्हा कुठे डॉक्टरांना कळलं की सुनावणीच्या आदल्या दिवशीची भरती त्यांच्या मित्राने का पाठ करून ठेवली होती.

“तुला हेच हवं होतं?”

“मला काय हवं होतं ते सोड,” मुकुंदा म्हणाला. “तुझ्या हातून चुकेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. चुकलं नसतं तर पाठवणी नियमात गेली असती. चुकलं, तर नियमच गेला. दोन्हीकडून आपलंच. वाईट वाटून घेऊ नकोस, तू काही मुद्दाम केलं नाहीस.”

सुनावणी मंगल कार्यालयात होती, कारण तरवड्यात दुसरा हॉल नव्हता. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून काढली नव्हती. माइकची वायर फक्त स्टेजपर्यंत पोचत होती, त्यामुळे तालुक्याहून आलेल्या अधिकारी बाई नवरीच्या लाल मखमली सिंहासनावर बसल्या होत्या आणि शेजारच्या, नवरदेवाच्या सिंहासनावर त्यांचा टंकलेखक.

मुकुंदाने कलम नऊ वाचलं. मग नकाशा पडद्यावर दाखवला. “आज अकरा वाजता तरवडे खाडीत गाभण मादी शून्य. मंडळाला याचं अत्यंत दुःख आहे. परंतु कायदा कायदा आहे.”

सलमा उठली. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र सरळ होता. “बाई, तारांमध्ये दोष असू शकतो. उधाणाच्या भरतीत गाळ बसतो, लहान ठोके ऐकू येत नाहीत. असं पूर्वी झालंय. पंधरा दिवसांची मुदत मिळावी, फेरमोजणी करू.”

डॉक्टर मागच्या रांगेत होते. त्यांना ठाऊक होतं की तारांवर गाळ बसलेला नाही. सलमालाही ते ठाऊक होतं. ती आयुष्यात पहिल्यांदाच आकड्यांबद्दल खोटं बोलत होती.

“यंत्रच ते, बिघडतंच,” बाई म्हणाल्या. “आमच्या ऑफिसची लिफ्ट दोन वर्षं... असो. हरकतदारांकडे यंत्राखेरीज दुसरा पुरावा आहे?”

मुकुंदाचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. पुरावा त्याच्या फोनमध्ये होता, पण तो दाखवला तर मादी पोटुशी असल्याचं माहीत असून होडी तिच्यावर नेली, हेही दिसलं असतं.

“नसेल तर मुदत द्यायला माझी—”

“आहे,” डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांनी मागे बघितलं. सलमाने मान हलवली, अगदी थोडी, नको, अशी. डॉक्टरांना ती दिसली आणि तिचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. त्यांना वाटलं, ही आपल्याला वाचवतेय. आणि आता वाचायचं नाही, असं त्यांनी रात्रभर जागून ठरवलेलं होतं.

ते स्टेजपर्यंत चालत गेले आणि सगळं बोलले. गळ, मॅट, हळद, टोपी. तळहातावरचं पिल्लू, एकोणीस ठोके. एकतीस फोटो म्हणजे एकतीस बाळंतपणं नव्हेत, हेही बोलले. “यंत्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “पोरीची काही चूक नाही. पाचही मेली. मी मारली. माझ्या हातावर मेली.” बोलता बोलता त्यांना रडू आलं, आणि रडताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी भारावून टाळ्या वाजवल्या.

बाईंनी चष्मा काढून पुसला. “तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, डॉक्टर. घ्या लिहून,” त्या टंकलेखकाला म्हणाल्या, “खाडीत गाभण मादी उरलेली नसल्याची बाब प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीने सिद्ध. मुदतीची आवश्यकता नाही. तरवडे खाडी अनुसूचीतून वगळण्यात येत आहे.”

सलमा बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. डॉक्टर तिच्यासमोर गेले. माफी मागायची होती.

“दोन माद्या खाडीच्या तोंडाशी आल्यात,” ती म्हणाली. “समुद्रातून. तिथे मी नव्या तारा टाकल्या, नकाशावर दाखवल्या नाहीत. एक अधिक तीन, आणि एक अधिक सहा. चार-पाच दिवसांत आत आल्या असत्या. मुदत मिळाली असती तर पुरत्या आत.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला?” सलमाने चप्पल पायात सरकवली. “तुम्ही त्यांना बघायला गेला असतात, काका.”

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. डॉक्टरांनी मंडळाचा राजीनामा दिला. मंडळाने तो नामंजूर करून त्यांच्या सत्काराचा ठराव केला. डॉक्टर गेले नाहीत, तेव्हा शाल-श्रीफळ रघूच्या हाती घरी आलं. रघूने ते ओटीवर ठेवलं आणि पाणीही न पिता निघून गेला.

मार्चच्या शेवटी, भर सकाळी, एक पेशंट तोंड उघडून बसलेला असताना फोन आला.

“डॉ. केळुसकर का? नमस्कार. मी प्रा. हडकर, वाडोशी खाडीच्या गळ मंडळाचा चिटणीस. तुमच्या साक्षीचं इतिवृत्त वाचलं. फार हेलावून गेलो.”

“बोला.”

“आमची सुनावणी सोळा तारखेला आहे. तर त्या पाठवणीची थोडी माहिती हवी होती.”

तोंड उघडलेल्या पेशंटला डॉक्टरांनी हाताने थांबायची खूण केली आणि बाहेरच्या खोलीत आले. “प्रोफेसर, नीट ऐका. ती पद्धत वापरू नका. कुणालाच वापरू देऊ नका.” आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं, घाई न करता, एकेक गोष्ट, सलमाने त्यांना सांगितली होती तशी. पाण्याबाहेर मासा स्वतःच्याच वजनाखाली कसा चिरडतो. कल्ले कसे चिकटतात. मादी पिल्लं का टाकते. चारेक मिनिटं पुरतात. मॅटवर टाकली नाहीत तरी तीन दिवसांत टाकतेच. चौदातल्या एकीचंही पिल्लू वाचलं नव्हतं, आता पंधरा झाल्या. पलीकडे पेनचा आवाज येत होता. कुणीतरी आपलं मनापासून ऐकतंय असं डॉक्टरांना फार दिवसांनी वाटलं.

“आणि हळद?” प्रा. हडकरांनी विचारलं.

“हळदीचा काही संबंध नाही हो!”

“बरं. हळद ऐच्छिक.” पेन पुन्हा चाललं. “आमच्याकडे सध्या सात आहेत नकाशावर. रोज एक धरली तरी सोळापर्यंत होतील ना?”

“अहो, तुम्ही... मग पुढच्या वर्षी तुम्ही गरवणार काय? पाकटं येणार कुठून?”

“तुमचा मुद्दा रास्त आहे,” प्रा. हडकर विचारपूर्वक म्हणाले. “पण पुढच्या वर्षी कार्यकारिणीत मी नाही.” मग त्यांनी इतक्या मोकळेपणाने माहिती दिल्याबद्दल डॉक्टरांचे आभार मानले, आणि एक शेवटची शंका विचारली: ती चार मिनिटं पाण्याबाहेर काढल्यापासून धरायची, की मॅटवर ठेवल्यापासून?